गावाच्या मालकीचे छप्पर आणि सूर्याची वीज
(इयत्ता सहावी व सातवीसाठी विज्ञान, भूगोल, गणित व नागरिकशास्त्र यांचा समवायी पाठ)

विषयाची निवड

यावल तालुका हा उन्हाचा तालुका होय. उत्तरेस सातपुड्याची रांग, दक्षिणेस तापी नदी आणि या दोहोंमध्ये केळीच्या बागांनी आच्छादलेली सपाट काळी जमीन, असे त्याचे स्वरूप आहे. उन्हाळ्यात येथील पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. ऊन म्हणजे अंगाची काहिली आणि विहिरीचा तळ, एवढीच बालकांची समजूत असणे त्यामुळे स्वाभाविक आहे. त्याच उन्हापासून वीज तयार होते हे त्यांनी शेताच्या बांधावरील सौर पंपावर किंवा एखाद्या घराच्या गच्चीवर पाहिलेले असते. लोक ज्यास ‘सोलर प्लेट’ म्हणतात ती वस्तू मुलांस अपरिचित नाही. अपरिचित आहे ते तिच्यामागील शास्त्र आणि त्याहूनही अधिक तिच्यामागील हिशेब.

हा पाठ शिक्षकास जवळचा वाटावा याचे आणखी एक कारण आहे. जिल्हा परिषदांच्या अनेक शाळांपुढे वीजबिलाचा प्रश्न वर्षानुवर्षे उभा राहिला आहे. लोकवर्गणीतून संगणक येतो, भिंतीवर मोठा पडदा लागतो; परंतु बिल थकले की जोडणी तोडली जाते आणि त्या पडद्यावर कापड झाकून ठेवण्याची पाळी येते. दुसरीकडे, शेतीची वीज रात्रपाळीने आली म्हणजे विद्यार्थ्यांचे वडील व थोरले भाऊ अंधारात, विंचूकाट्याचे व श्वापदाचे भय पत्करून बागेस पाणी देण्यासाठी जातात. म्हणून दिवसा मिळणारी वीज हा या भागातील मुलांच्या घरचाच विषय आहे.

पाठाचे उद्देश

१. सूर्यप्रकाशापासून वीज कशी होते हे विद्यार्थ्यांस स्थूलमानाने समजावे.
२. सूर्याची उंची, सावली आणि छपराचा उतार यांचा संबंध त्यांनी स्वतः मोजून पाहावा.
३. शाळा, पाणीपुरवठा व रस्त्यांवरील दिवे यांस किती वीज लागते याचे गणित त्यांस करता यावे.
४. सार्वजनिक मालमत्ता ही सर्वांची असते, म्हणून तिची निगा व तिचा हिशेब हेही सर्वांचे काम आहे, ही जाणीव व्हावी.

साहित्य : एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, मोजपट्टी, बहिर्गोल भिंग, सूर्यप्रकाशावर चालणारा लहान गणकयंत्राचा संच, एकाच मापाचे दोन पत्र्याचे डबे (एक काळा व एक पांढरा रंगविलेला), तापमापक आणि शाळेचे मागील वर्षाचे वीजबिल.

विषयविवेचन

(अ) प्रकाशापासून वीज

सन १८३९ मध्ये एदमाँ बेकरेल या फ्रेंच शास्त्रज्ञास असे आढळून आले की, काही पदार्थांवर प्रकाश पडला असता त्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. प्रकाश धातूमधून विद्युत्कण कसे मोकळे करतो याचे विवरण आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये केले, आणि त्याच कार्यासाठी त्यांस १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौर घट तयार झाला. पडलेल्या प्रकाशाचा सुमारे सहा टक्के भागच तो विजेत रूपांतरित करू शके. आज बाजारात मिळणाऱ्या पॅनेलांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास आहे. सिलिकॉन हा वाळूत असणारा पदार्थ आहे हे सांगितल्यास मुलांचे कुतूहल वाढते. परंतु वाळूपासून तो अत्यंत शुद्ध स्वरूपात वेगळा काढण्यास पुष्कळ उष्णता व कौशल्य लागते, हेही त्याबरोबर सांगावे.

वर्गात गणकयंत्र उन्हात धरून त्यावरील काळ्या पट्टीवर अंगठा ठेवावा. अंक पुसट होऊन नाहीसे होतात. अंगठा काढताच पुन्हा दिसू लागतात. (ज्या यंत्रात निराळा सेलही असतो त्यावर हा प्रयोग साधत नाही, हे आधी पाहून घ्यावे.)

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचे निरसन करणे अगत्याचे आहे. पुढील संवाद नमुन्यादाखल दिला आहे.

शिक्षक : मुलांनो, पॅनेल सर्वांत जास्त वीज केव्हा देईल?
विद्यार्थी : गुरुजी, वैशाखात. तेव्हा सर्वांत जास्त तापते.
शिक्षक : पाण्याच्या डब्यास काय हवे, ताप की उजेड?
विद्यार्थी : ताप.
शिक्षक : आणि गणकयंत्राच्या पट्टीस?
विद्यार्थी : उजेड, गुरुजी.

पॅनेलास हवा असतो तो प्रकाश. उष्णता त्यास बाधकच होते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशास त्याची शक्ती सुमारे ०.३५ ते ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्याच्या दुपारी पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापले, तर चाळीस अंशांच्या वाढीमुळे सुमारे पंधरा टक्के शक्ती उणी होते. याच कारणास्तव पॅनेल छपरास चिकटवून न बसविता खालून वारा खेळेल अशा सांगाड्यावर बसवितात. काळ्या व पांढऱ्या डब्यांतील पाण्याचे तापमान तासाभराने मोजून सौर बंब आणि सौर पॅनेल यांतील भेद स्पष्ट करावा : पहिला उष्णता साठवितो, दुसरे प्रकाशाची वीज करते.

(आ) काठीची सावली

यावलचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर असून ते कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. म्हणून वर्षातून दोन दिवस सूर्य येथे माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो : एकदा मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यास. मे महिन्यात शाळेस सुट्टी असते व जुलैत आभाळ असते. तेव्हा मेमधील निरीक्षण मुलांनी घरच्या अंगणात करून त्याची नोंद आणावी.

मैदानात ओळंब्याने उभी काठी रोवून तिची माध्यान्हीची सावली तीन वेळा मोजावी. येथील माध्यान्ह घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते, कारण भारतीय प्रमाणवेळ ही पूर्वेकडील ८२.५ अंश रेखावृत्तावरून घेतलेली आहे. एक मीटर काठीची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास जवळजवळ एक मीटर भरते, २१ मार्च व २३ सप्टेंबरच्या सुमारास सुमारे ३९ सेंटिमीटर भरते, आणि मे अखेरीस ती काठीच्या पायाशी नाहीशी होते. यावरून सूर्य वर्षाचा बहुतेक काळ माध्यान्ही दक्षिणेकडे कललेला असतो हे विद्यार्थी स्वतःच सांगतील. पॅनेल दक्षिणाभिमुख आणि अक्षांशाइतके, म्हणजे येथे सुमारे २१ अंश, कललेले का बसवितात, याचे उत्तर त्यांस पुस्तकाविना मिळते.

सावलीचा दुसरा धडाही द्यावा. पॅनेलांतील घट एकापुढे एक जोडलेले असतात. पाट्या हातोहात पुढे देणाऱ्या माणसांच्या रांगेत एक मनुष्य थांबला म्हणजे सारी रांग थबकते. त्याचप्रमाणे एका कोपऱ्यावर पिंपळाची फांदी किंवा टाकीची सावली पडली तरी पुष्कळ वीज कमी होते. आधुनिक पॅनेलांत सावलीतील भाग टाळून प्रवाह पुढे नेण्याची सोय असते, तथापि तेवढ्या भागाचे नुकसान टळत नाही.

(इ) सार्वजनिक मालमत्तेवरच प्रथम का

शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, नगरपरिषदेची कचेरी आणि पाणीपुरवठ्याचे पंपघर यांचे काम मुख्यतः दिवसा चालते, आणि पॅनेलही दिवसाच वीज देते. ही छपरे सर्वांच्या मालकीची असतात, त्यांचे बिल सर्वांच्या करातून भरले जाते, आणि तेथे झालेला लाभ-तोटा सर्वांस पाहता येतो. म्हणूनच अनेक शहरांच्या कारभारी मंडळींनी आरंभ सार्वजनिक इमारतींपासून केला.

दीव हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे ५० हेक्टर खडकाळ, नापीक जमिनीवर ९ मेगावॅटचे सौर उद्यान उभारण्यात आले आणि ७९ सरकारी इमारतींच्या छपरांवर पॅनेले बसविण्यात आली. या योगे दिवसाची सर्व गरज सूर्याच्या विजेवर भागविणारे शहर म्हणून २०१८ मध्ये त्याचा गौरव झाला.

दुसरे उदाहरण यावलच्या उत्तरेकडील आहे. सातपुडा ओलांडला की खरगोन जिल्हा लागतो. तेथील जलूद येथून नर्मदेचे पाणी उपसून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरील इंदूर शहरास नेले जाते. इंदूर माळव्याच्या पठारावर असल्याने हे पाणी पुष्कळ उंच चढवावे लागते व त्यासाठी मोठे वीजबिल येते. ते कमी करण्याकरिता इंदूर महानगरपालिकेने जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प योजिला आणि त्यासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित कर्जरोखे विक्रीस काढून लोकांकडून २४४ कोटी रुपये उभे केले. पाण्याच्या बिलासाठी शहराने नागरिकांकडून कर्ज घ्यावे आणि ते सूर्याच्या विजेच्या बचतीतून फेडावे, ही कल्पना नागरिकशास्त्राच्या तासास फार उपयुक्त आहे.

खानदेशात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला. तो २०१३ मध्ये पूर्ण झाला. भुसावळजवळील दीपनगरचे वीजकेंद्र कोळशावर चालते, साक्रीचे केंद्र उन्हावर. या दोहोंची तुलना मुलांकडून करवून घ्यावी. कोळशाचे केंद्र रात्रीही चालते, परंतु त्यास कोळसा, पाणी व राखेची व्यवस्था लागते. उन्हाचे केंद्र इंधनाविना चालते, परंतु मावळतीस थांबते आणि एका मेगावॅटसाठी त्यास सुमारे दोन हेक्टर जागा लागते. कोणतीही एक बाजू झाकून ठेवू नये.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली व २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. वीज उपकेंद्राजवळच्या शासकीय अथवा भाड्याने घेतलेल्या जमिनीवर पॅनेले बसवून शेतीच्या वाहिनीस दिवसा वीज द्यावी, हा तिचा हेतू आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून चाललेल्या माझी वसुंधरा अभियानात नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांच्या कार्याचे पंचमहाभूतांनुसार गुणांकन होते. त्यातील ‘अग्नी’ या तत्त्वाखाली सौर वीज व काटकसरीचे दिवे यांस गुण असतात. सन २०२४ मध्ये केंद्र शासनाची प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली; तीत एक किलोवॅटच्या घरगुती संचास ३०,००० रुपये, दोन किलोवॅटच्या संचास ६०,००० रुपये व तीन किंवा अधिक किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये साहाय्य ठरविले आहे. त्याच वर्षी सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे लहानसे गाव राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून पुढे आले.

(ई) जमीन की छप्पर

या ठिकाणी शिक्षकाने एक प्रश्न विचारपूर्वक मांडावा. गावात मोकळी दिसणारी जागा खरोखर मोकळी असते काय? गायरानावर गावची गुरे चरतात, भूमिहीनांच्या शेळ्या चरतात. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा व तडवी कुटुंबांचा निर्वाह अशा जागांशी निगडित असतो. कागदावर जी जमीन पडीक, ती कुणाची तरी भाकर असू शकते. छप्पर मात्र कुणाचे चरण्याचे कुरण नव्हे. म्हणून प्रथम छपरे, नंतर जमीन, आणि जमीन घ्यावयाची तर ग्रामसभेत मोकळेपणाने चर्चा करून, हा क्रम योग्य ठरतो. वर्गात दोन गट करून यावर चर्चा घडवावी. निर्णय शिक्षकाने सांगू नये.

प्रत्यक्ष कार्य : हिशेब

पहिले गणित शाळेचे. समजा, शाळेच्या चार खोल्या आहेत. पंखे ८, प्रत्येकी ६० वॅट. दिवे ८, प्रत्येकी २० वॅट. एक पडदा १०० वॅट व एक संगणक ६० वॅट.

पंखे ४८० + दिवे १६० + पडदा १०० + संगणक ६० = ८०० वॅट.
दररोज ६ तास : ०.८ × ६ = ४.८ युनिट.
महिन्यात कामाचे २४ दिवस : ४.८ × २४ = सुमारे ११५ युनिट.

एक किलोवॅटच्या संचास सुमारे १० चौरस मीटर जागा लागते व त्यापासून महिन्यास सरासरी १२० युनिट मिळतात. म्हणजे चार खोल्यांच्या शाळेस एक किलोवॅट पुरेसा होतो. वर्गखोली ६ मीटर रुंद व ७.५ मीटर लांब असल्यास तिचे छप्पर ४५ चौरस मीटर होते. त्याचा चौथा हिस्साही व्यापला जात नाही. वर्षाचे उत्पादन १,४४० युनिट आणि २३० दिवसांचा वापर १,१०४ युनिट. शिल्लक ३३६ युनिट. ही शिल्लक मुख्यतः सुट्यांतील आहे, आणि ती वाया जात नाही. नेट मीटर बसविल्यावर जादा वीज कंपनीच्या तारांत जाते व बिलातून तेवढे युनिट वजा होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. ‘बिल शून्य होईल’ असे आश्वासन गावास देऊ नये.

दुसरे गणित पाण्याचे. एक लाख लिटर पाणी ३० मीटर उंच चढवावयाचे आहे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम.

१,००,००० × ९.८ × ३० = २,९४,००,००० ज्यूल.
एक युनिट = ३६,००,००० ज्यूल. भागाकार केल्यास सुमारे ८.२ युनिट.

पंपात निम्मी शक्ती खर्ची पडते असे धरल्यास १६ युनिटांहून थोडी अधिक वीज लागते. म्हणजे सुमारे चार किलोवॅटचा संच व ४० चौरस मीटर छप्पर. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आणून द्यावी. विजेचा साठा करण्यास बॅटरी लागते व ती काही वर्षांनी बदलावी लागते; पण दिवसा पंप चालवून भरलेला जलकुंभ हाच विजेचा स्वस्त साठा आहे. रात्री नळास येणारे पाणी हे दिवसाच्या उन्हानेच वर चढवून ठेवलेले असते.

तिसरे गणित विद्यार्थ्यांनी करावे : गावात ३० वॅटचे ५० दिवे रात्री ११ तास जळतात, रोज किती युनिट लागतील? (उत्तर : १६.५)

अडचणी व दक्षता

सौर दिव्यांचे खांब उभे आहेत पण दिवे बंद आहेत, असे दृश्य अनेक गावांत दिसते. बॅटरी संपली, ती बदलण्याची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती, एवढेच त्याचे कारण असते. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, पण देखभालीवाचून नव्हे. म्हणून पुढील बाबींकडे लक्ष पुरवावे :

१. धूळ व पक्ष्यांची विष्ठा साचल्याने उत्पादन घटते. धुण्याचे काम प्रशिक्षित माणसाने सकाळी, काच थंड असताना करावे. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये.
२. पावसाळ्यापूर्वी या भागात वादळी वारा सुटतो व केळीच्या बागा आडव्या होतात. त्याच वाऱ्यास सांगाडा टिकला पाहिजे. पत्र्याचे किंवा जुने कौलारू छप्पर असल्यास अभियंत्याकडून तपासणी झाल्यावाचून काही बसवू नये.
३. तारांतील वीज गेली असता जाळ्यास जोडलेला संचही आपोआप बंद पडतो. दुरुस्तीस खांबावर चढलेल्या कामगारास धक्का बसू नये म्हणून ही योजना असते. बॅटरीचा संच निराळा. दोहोंतील फरक गावकऱ्यांस आधीच सांगावा, म्हणजे मागाहून निराशा होत नाही.
४. विद्यार्थ्यांस छपरावर चढू देऊ नये. मुख्य कळ बंद केली तरी उजेड असेपर्यंत पॅनेलाच्या तारांत वीज असते. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी अथवा भिंगातून पाहण्यास सक्त मनाई करावी.
५. मीटरवरील आकडा दर सोमवारी दोन विद्यार्थ्यांनी नोंदवहीत लिहावा आणि महिन्याचा तक्ता सूचनाफलकावर लावावा. उत्पादन अकस्मात घटल्यास दोष प्रथम या नोंदवहीतच दिसून येतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तोच तक्ता ठेवावा.

स्वाध्याय

१. पॅनेलास ऊन हवे, पण ताप नको. असे का?
२. डिसेंबरात एक मीटर काठीची सावली सुमारे एक मीटर असते. त्या वेळी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर असेल? आकृती काढा.
३. आपल्या गावातील सार्वजनिक छपरांची यादी करा. प्रत्येकाची लांबी, रुंदी, सावलीची जागा व दिवसाचा वीजवापर लिहा. (मापे जमिनीवरूनच घ्यावीत.)
४. दीपनगर आणि साक्री येथील वीजकेंद्रांची तुलना पाच वाक्यांत करा.
५. ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी शाळेच्या छपराविषयी दहा ओळींचा अर्ज लिहा. त्यात खर्चाबरोबर देखभालीची व्यवस्थाही नमूद करा.

समारोप

हा पाठ एका तासात संपणारा नाही. सावलीचे माप वर्षभर चालेल, नोंदवही त्याहून अधिक काळ. ज्या शाळेवर अद्याप पॅनेल नाही तेथेही तो सारखाच शिकविता येतो. किंबहुना तेथे तो अधिक उपयोगी पडेल, कारण मुलांनी मांडलेला छपराचा हिशेब ग्रामपंचायतीपुढे आणि शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवता येईल. थकलेल्या बिलापायी बंद पडलेला पडदा पुन्हा उजळणे आणि रात्रीऐवजी दिवसा बागेस पाणी मिळणे, या दोन्ही गोष्टी गावाने स्वतःच्या मालमत्तेकडे कसे पाहिले यावर अवलंबून आहेत. विद्यार्थ्यांस तशी दृष्टी आली तर या पाठाचे काम झाले असे शिक्षकाने समजावे.